पडद्यामागचा कारभारी

[ब्राह्मणपुरी, तालुका शहादे, जिल्हा नंदुरबार, येथें यात्रेच्या खेळाची तालीम करणाऱ्या मंडळींपुढें एका सुतार कारागिरानें केलेलें भाषण. गांवोगांवच्या मंडळ्यांस उपयोगी पडेल म्हणून जसेंच्या तसें देत आहों.]



मी कांहीं व्याख्याता नव्हें. करवत आणि रंधा हीं माझीं हत्यारें. जीभ हें माझें हत्यार नाहीं. तुमच्या खेळासाठीं राजवाड्याची माडी बांधून द्यावी म्हणून मला बोलावणें आलें, तेवढ्यापुरता मी येथें आलों. जागा पाहिली, लांकूड पाहिलें. मग आबांनीं मला विचारलें, "मिस्त्री, राजा ठरला, प्रधान ठरला, सोंगाड्या ठरला, ढोलकीवाला ठरला. आतां कांहीं राहिलें कां?" मीं उलट विचारलें, "आबा, पडद्यामागें कोण आहे?" तेव्हां सारे एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागले. शेवटीं एक जण म्हणाला, "पडद्यामागें काय! जो रिकामा असेल तो उभा राहील."

त्याच वेळीं मीं मनांत म्हटलें, माडी मागाहून बांधूं. आधीं ह्या रिकाम्या माणसाविषयीं चार शब्द बोलूं. आज बोलतों आहें तें एवढ्याचसाठीं.

तुम्ही शेतकरी आहांत. उंसाला पाणी देतांना मोटार विहिरीवर चालते, पाणी पाटानें वाहतें, आणि वाफ्याच्या तोंडाशीं एक माणूस फावडें घेऊन उभा असतो. हा वाफा भरला, दारें मोड, पुढच्याला लाव, एवढेंच त्याचें काम. मोटारीचा आवाज साऱ्या शिवाराला ऐकूं येतो. दारें धरणाऱ्याचा आवाज कोणाला येत नाहीं. पण तो झोंपला तर काय होतें तें तुम्हांस मीं सांगावयास नको. एक वाफा फुटतो, दुसरा कोरडा राहतो, आणि सकाळीं पीक पाहून मालक कपाळाला हात लावतो. खेळांत पडद्यामागें उभा राहणारा माणूस हा असाच दारें धरणारा आहे. कोणाला केव्हां सोडावयाचें, कोणाला केव्हां थांबवावयाचें, हें तो पाहतो. शहरांतले लोक त्याला स्टेज मॅनेजर किंवा रंगमंच व्यवस्थापक म्हणतात. आपण त्याला पडद्यामागचा कारभारी म्हणूं. लग्नांत कारभारी असतो हें तुम्हांस ठाऊक आहे. मग खेळांत कां नसावा?

हें काम आजचें नव्हें. १८४३ सालीं सांगलीस विष्णुदास भावे यांनीं 'सीतास्वयंवर' नाटकाचा खेळ केला, तेव्हां नटांस पाठ करावयाला आजच्यासारखे लिहिलेले संवाद नव्हते. सूत्रधार पदें म्हणे, कथा पुढें नेई, आणि देव, राक्षस, राजे आपापली पाळी आली म्हणजे येऊन आपल्या मनानें बोलत. कोणी आंत यावें, कोणी बाहेर जावें, हें सारें सूत्रधाराच्या गाण्यावर चाले. सूत्र म्हणजे दोरी. दोरी ज्याच्या हातांत, तो सूत्रधार. आणि तो लोकांच्या डोळ्यांसमोर उभा असे. पुढें नाटक वाढलें. लिहिलेले संवाद आले, रंगविलेले पडदे आले, कपडेपट आला, रंगपट आला, गॅसबत्त्या आल्या आणि नंतर विजेचे दिवे आले. मग एकट्या सूत्रधाराचें काम तिघां-चौघांत वांटलें गेलें. तालीम घेणारा तालीममास्तर निराळा झाला. सूत्रधार नांदीपुरता उरला. आणि दोरी मात्र पडद्यामागें अंधारांत उभ्या असलेल्या माणसाच्या हातीं गेली. काम तेंच राहिलें, जोखीम वाढली, आणि नांव मात्र गेलें.

नांव कसें जातें त्याचें एक उदाहरण देतों. कोल्हापूरचे बाबूराव मेस्त्री हे आमच्यासारख्या कारागिराच्या घरांतले. १८९० सालचा त्यांचा जन्म. ते आणि त्यांचे चुलतबंधु आनंदराव यांनीं मोठमोठ्या नाटक कंपन्यांचे पडदे रंगविले. शाळेंत जाऊन ते चित्रकला शिकले नव्हते, हातानें शिकले. बाबूरावांनीं पुढें महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० सालीं 'सैरंध्री' हा बोलपट येण्यापूर्वींच्या काळांतला मूकपट लोकांस दाखविला, म्हणून बाबूराव पेंटर हें नांव आज सर्वांस ठाऊक आहे. पण त्यांनीं रंगविलेला पडदा बरोबर वेळेवर ज्यानें वर ओढला आणि बरोबर वेळेवर खालीं सोडला, त्याचें नांव तुमच्यापैकीं कोणी सांगेल काय? तसेंच १९२१ सालच्या ८ जुलैस मुंबईस केशवराव भोसले आणि बालगंधर्व एकाच रंगभूमीवर 'संयुक्त मानापमान' करण्यास उभे राहिले. दोन कंपन्या, दोघांचे नट, आणि एकच रंगभूमि. धैर्यधर कोण आणि भामिनी कोण हें आजहि जुन्या रसिकांच्या जिभेवर आहे. पण असा खेळ विंगेंत कोणीतरी जागा राहिल्यावांचून पार पडत नाहीं, हें कोणाच्या मनांतहि येत नाहीं.

तमाशाचें पाहा. दत्तजयंतीच्या सारंगखेड्याच्या यात्रेंत तुम्हीं फडांचे तंबू पाहिले आहेत. मोठा फड म्हटला म्हणजे शंभर-सव्वाशें माणसें, मालमोटारी, कनाती, जनित्र, चुली. पुणें जिल्ह्यांत नारायणगांवीं गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात, गांवोगांवचे पंच तेथें जाऊन सुपारी ठरवितात. तेथें बोलतो तो फडाचा मॅनेजर. पण खेळाच्या रात्रीं गण झाला, गवळण झाली, आतां बतावणीला कोण, वगांतला पाटील अजून कपडे बदलतो आहे तर तोंवर सोंगाड्याला किती वेळ लांबवावयास सांगावें, हें पाहणारा माणूस पडद्याशीं उभा असतो. कधीं तो मॅनेजरच असतो, कधीं एखादा म्हातारा कलावंत असतो. लोक त्याला ओळखत नाहींत. आमच्या सातपुड्याच्या पायथ्याच्या सोंगाड्या पार्ट्या रात्रभर चालतात, त्यांतहि असा एखादा जागा माणूस असतोच. तो असतो म्हणून सकाळपर्यंत खेळ उभा राहतो.

आतां मी माझी स्वतःची गोष्ट सांगतों. ती सांगणें मला सोपें नाहीं.

मी वीस-एकवीस वर्षांचा होतों. एका गांवीं, नांव सांगत नाहीं, असाच यात्रेचा खेळ होता. माडी मीं बांधली होती. लांकूड थोडें कमी पडलें, म्हणून मागच्या बाजूला एक जुना खांब वापरला. खेळाच्या दिवशीं तिसऱ्या प्रहरीं मीं पाहिलें, तो त्या खांबाला उभी चीर गेली होती. हात लावला तर चिरींत नख जाई. मीं जाऊन सांगितलें. पण सांगावयाचें कोणाला? तालीममास्तर म्हणाले, "मी संवादांचें पाहतों, लांकडाचें नाहीं." राजाचें काम करणारा रंग लावीत बसला होता. शेवटीं ज्यांनीं मांडवाचा आणि दिव्यांचा खर्च दिला होता, त्यांच्यापुढें गेलों. ते म्हणाले, "पोरा, चार गांवचे लोक बसले आहेत. आतां थांबवितां येत नाहीं. रात्र तर निभवून ने." मी गप्प बसलों. मीं त्या खांबाला दोरी गुंडाळली आणि विंगेंत जाऊन उभा राहिलों.

दुसऱ्या अंकांत राजा चार शिपाई घेऊन माडीवर चढला. तालमींत दोनच शिपाई चढत असत. त्या दिवशीं ऐन वेळीं हौसेनें आणखी दोन पोरें चढलीं. त्यांस अडविणारा कोणी नव्हता. माडी मागें बसली. राजा उडी मारून वांचला. एका शिपायाचें काम करणारा पंधरा वर्षांचा पोरगा खालीं सांपडला. त्याच्या मांडीचें हाड मोडलें. त्याचा बाप रोजावर जाणारा माणूस. तो हंगाम त्यांच्या घरांत चूल कशी पेटली, तें त्यांचें त्यांस ठाऊक. तो मुलगा आज मोठा झाला आहे, लंगडत चालतो. रस्त्यांत भेटला तर मला "दादा" म्हणतो, आणि मला खालीं पाहावें लागतें.

मागाहून गांवांत बैठक झाली. चूक कोणाची म्हणून विचारलें, तर कोणाचीच निघेना. मास्तरांची नाहीं, देणगीदारांची नाहीं, पोरांची नाहीं. ज्या कामावर कोणाचें नांव नव्हतें, त्या कामाच्या चुकीवर कोणाचें नांव येणार? पण मीं मनांत त्या गोष्टीचा पुष्कळ वर्षें विचार केला आहे, आणि मला तिची एकच गांठ सांपडली. खांबाला चीर आहे हें मला ठाऊक होतें, पण खेळ थांबविण्याचा अधिकार मला नव्हता. ज्यांना अधिकार होता, त्यांना लांकडांतलें कांहीं कळत नव्हतें. जाणणारा एकीकडे आणि हुकूम करणारा दुसरीकडे, ह्या दोहोंच्या मधल्या फटींत तो पोरगा सांपडला.

आमच्या कष्टकरी लोकांच्या आयुष्यांत ही फट जागोजागीं आहे. विहिरीची कड ढांसळणार हें खणणाऱ्याला आधीं कळतें. तार तापली आहे हें वायरमनच्या हाताखालच्या पोराला आधीं कळतें. पण त्याला विचारतो कोण? म्हणून मी म्हणतों, खेळाच्या रात्रींपुरती तरी ही फट आपण बुजवूं. जाणणाऱ्या माणसाच्या हातांत अधिकार द्या. पडद्यामागचा कारभारी म्हणजे दुसरें कांहीं नाहीं. जो खेळ सुरू करतो आणि ज्याला खेळ थांबविण्याचा हक्क आहे, तोच खरा कारभारी. थांबविण्याचा हक्क ज्याला नाहीं, तो नुसता हरकाम्या.

तुम्ही म्हणाल, मिस्त्री आपल्या एका माडीवरून साऱ्या जगाला शहाणपण सांगतो. तर जगांत काय झालें तेंहि ऐका. अमेरिकेंत शिकागो शहरीं १९०३ सालच्या ३० डिसेंबरला एका नव्याकोऱ्या नाटकगृहांत दिवसा खेळ चालला होता. आग लागणें शक्यच नाहीं अशी त्या इमारतीची जाहिरात होती. दिव्याच्या ठिणगीनें कापडी पडदा पेटला. आग अडविण्यासाठीं निराळा जाड पडदा ठेवलेला होता, तो खालीं सोडूं लागले तर मध्येंच अडकला. बाहेर जाण्याचीं पुष्कळ दारें बंद होतीं, कांहीं आंत उघडणारीं होतीं. सहाशेंहून अधिक माणसें मेलीं. त्यांत बायका आणि मुलें फार. त्यानंतर देशोदेशीं नाटकगृहांच्या दारांविषयीं कायदे कडक झाले.

शिकागो फार दूर झालें म्हणत असाल, तर आपल्याच देशांतलें सांगतों. हरियाणांत डबवाली गांवीं २३ डिसेंबर १९९५ रोजीं एका शाळेचा वार्षिक समारंभ मांडवांत चालला होता. विजेच्या ठिणगीनें मांडवाचें कृत्रिम कापड पेटलें, आणि तें वितळून लोकांच्या अंगावर पडूं लागलें. निघावयास वाट अपुरी होती. ४४२ माणसें गेलीं. आपलीं लेंकरें नाचतांना पाहावयास आईबाप जमले होते. आपल्या यात्रेंतला मांडव त्याहून कांहीं निराळा असतो काय? तेंच कापड, तीच वायर, आणि फुकट्यांनीं शिरूं नये म्हणून तशाच चोहोंकडून घट्ट बांधलेल्या कनाती.

आणि कोल्हापूर तर आपल्या घरचें. शाहू महाराजांनीं १९१५ सालीं बांधविलेलें पॅलेस थिएटर, ज्याला पुढें केशवराव भोसले यांचें नांव दिलें, तें २०२४ सालच्या ८ ऑगस्टच्या रात्रीं जळालें. दुसरे दिवशीं केशवरावांची जयंती होती. त्या रात्रीं आंत प्रेक्षक नव्हते, एवढीच दैवाची कृपा. शंभर वर्षांचें लांकूडकाम एका रात्रींत गेलें. आम्हां सुतारांना तें ऐकून घरचें माणूस गेल्यासारखें झालें.

आग आणि मोडकी माडी ह्यांखेरीज आणखी एक गोष्ट आहे. ती माणसाच्या देहाची. विठाबाई भाऊ मांग नारायणगांवकर (१९३५–२००२) यांच्या नांवें आज शासन तमाशा कलावंतांस पुरस्कार देतें. त्यांची एक हकीकत तमाशाच्या लोकांत घरोघर सांगतात. दिवस भरलेले असतां त्या बोर्डावर उभ्या राहिल्या. कळा येऊं लागल्या तशा मागें गेल्या, बाळंत झाल्या, दगडानें नाळ तोडली, आणि परत लोकांपुढें आल्या. पोट सपाट झालेलें पाहून लोकांच्या ध्यानांत आलें, आणि लोकांनींच हात जोडून खेळ थांबवावयास सांगितलें, असें म्हणतात. ही हकीकत सांगतांना लोक बाईंच्या धैर्याची वाहवा करतात, आणि ती केलीच पाहिजे. पण मी पडद्यामागचा माणूस, म्हणून माझ्या मनांत दुसराच प्रश्न येतो. बाई मागें गेल्या तेव्हां, "आज पुरे, आतां तुम्ही उठावयाचें नाहीं" असें म्हणण्याचा हक्क असलेलें कोणी तेथें कां नसावें? सुपारी घेतली आहे, पोटें अवलंबून आहेत, म्हणून कलावंताला स्वतः थांबतां येत नाहीं. त्याच्या वतीनें दुसऱ्या कोणी थांबलें पाहिजे. प्रेक्षकांना जें कळलें, तें मागें आधीं कळावयास नको होतें काय?

असो. आतां हा कारभारी करतो काय, तें कामाच्या भाषेंत सांगतों, म्हणजे उद्यांपासून तुम्हांस सुरू करतां येईल.

पहिली गोष्ट वही. आपल्या खान्देशांत वही गाणारे आहेत, त्यांस वहीची किंमत ठाऊक आहे. कारभाऱ्याचीहि एक वही असते. डाव्या पानावर खेळाचा मजकूर, उजव्या पानावर खुणा: येथें दिवा मंद, येथें ढोलकी, येथें प्रधान उजवीकडून, येथें पडदा. तालमींत मास्तरांनीं जें जें ठरविलें, तें तें त्यांत उतरतें. चार शिपाई चढावयाचे कीं दोन, तेंहि त्यांत लिहिलेलें असतें. माझ्या त्या खेळांत अशी वही असती, तर वरचे दोघे पायरीवरच अडविले गेले असते. कारभारी स्वतः मोठा विद्वान नसला तरी चालेल. पण त्याला वाचतां-लिहितां आलें पाहिजे आणि त्याची वही दुसऱ्याला वाचतां आली पाहिजे. तो तापानें आजारी पडला तर दुसऱ्यानें तीच वही उघडून तोच खेळ चालविला पाहिजे.

दुसरी गोष्ट सामानाचें टेबल. तलवार, पत्र, तांब्या, चाबूक, मुकुट, हें सगळें एका फळीवर. फळीवर जुनें कापड घाला, कोळशानें प्रत्येक वस्तूभोंवतीं रेघ ओढा, आंत तिचें नांव लिहा. वस्तु उचलली तर रेघ रिकामी दिसते. आणि रेघ रिकामी दिसली म्हणजे वस्तु कोणाकडे आहे हें लगेच विचारतां येतें. खेळ संपल्यावर प्रत्येक रेघ भरली कीं मगच दिवा मालवावयाचा. उसनी आणलेली तलवार हरवली म्हणून दोन घरांत बोलणें बंद झालेलें मीं पाहिलें आहे.

तिसरी गोष्ट दोन शब्द. विंगेंत गडबड नको, ओरडा नको. "तयार" म्हटलें म्हणजे दोरीवाल्यानें दोरीला हात घालावयाचा, दिवेवाल्यानें खटक्यावर बोट ठेवावयाचें, आणि कोणींहि कांहींहि करावयाचें नाहीं. "सोड" म्हटलें म्हणजे करावयाचें. ह्या दोन शब्दांमधला श्वास म्हणजेच सगळा खेळ. मोठ्या नाटकगृहांत हेच दोन शब्द कानांत यंत्र लावून बोलतात. आपल्याकडे खुणेच्या बॅटरीनें किंवा खांद्यावर हात ठेवून चालेल. पण हे शब्द एकाच तोंडून निघाले पाहिजेत. दोन तोंडें झालीं कीं पडदा अर्ध्यावर लटकतो.

चौथी गोष्ट वेळ. आपल्या आजोबांच्या काळीं नाटक पहाटेपर्यंत चाले, "वन्स मोअर" म्हटलें कीं तेंच पद तीनदां म्हणत. आज तसें चालत नाहीं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणें रात्रीं १० पासून सकाळीं ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावतां येत नाहीं. वर्षांतले ठराविक दिवस सरकारनें मोकळीक दिली तर १२ पर्यंत. म्हणजे पहिली घंटा किती वाजतां, तिसरी घंटा किती वाजतां, सत्कार आणि नारळ किती मिनिटांत, हें आधीं ठरलें पाहिजे. पाहुणे उशिरां आले म्हणून खेळ उशिरां लावावयाचा आणि मग शेवटचा प्रवेश कापावयाचा, ह्यांत ज्या पोरानें दोन महिने तो प्रवेश घोकला, त्याच्यावर अन्याय होतो. घंटा कारभाऱ्याच्या हातीं द्या. ती पाहुण्यांसाठीं थांबूं नये.

पांचवी गोष्ट जिवाची. खेळाच्या दिवशीं दिवसा उजेडीं कारभाऱ्यानें माडीवर स्वतः चढून उड्या मारून पाहावें. जनित्र मांडवापासून दूर आहे कीं नाहीं, डिझेलचा डबा कोणीं जवळ ठेवला आहे काय, वायरीचे सांधे उघडे आहेत काय, तें हातांत बॅटरी घेऊन पाहावें. वाळूच्या चार बादल्या आणि पाण्याचीं दोन पिंपें भरून ठेवावीं. विजेच्या आगीवर पाणी टाकूं नये, आधीं वीज तोडावी आणि वाळू टाकावी, हें सर्वांस बजावून सांगावें. कनातींना समोरासमोर रुंद वाटा ठेवाव्यात आणि प्रत्येक वाटेवर एकेक माणूस उभा करावा. आणि मायबहिणींचीं कपडे बदलण्याची जागा निराळी, दाराला कडी, दाराशीं त्यांच्याच विश्वासाची बाई. आज आपल्या लेकी बोर्डावर येतात. त्यांस निर्धास्त वाटलें तरच त्या पुढच्या वर्षीं येतील.

आतां एक शंका मला दिसते आहे. मागें बसलेल्या भाऊंच्या चेहऱ्यावर ती आहे. एका माणसाला एवढा अधिकार दिला तर तो डोक्यावर बसेल, गांवचा नवा पाटील होईल! शंका वाजवी आहे. उत्तर असें कीं त्याच्या अधिकाराला कुंपण आहे. संवाद कसा म्हणावा हें त्यानें सांगावयाचें नाहीं. तें मास्तरांचें काम. राजा कोण व्हावा हें त्यानें ठरवावयाचें नाहीं. देणगीचा पैसा त्यानें हाताळावयाचा नाहीं. क्रम, वेळ आणि जीव, ह्या तीन गोष्टींपुरताच त्याचा शब्द शेवटचा. आणि पडदा पडल्यावर त्यानें वहींत लिहावयाचें: अमुक प्रवेश चार मिनिटें उशिरां, अमुक दिवा लागला नाहीं, माझी चूक अमुक. ती वही सर्वांनीं वाचावी. ज्याचा हिशेब उघडा आहे, त्याच्या अधिकाराचें भय बाळगण्याचें कारण नाहीं. हिशेब न देतां हुकूम करणारेच आजवर आपल्या डोक्यावर बसले.

मग हा माणूस निवडावा कसा? ज्यानें मांडवाचा खर्च दिला म्हणून नव्हे. ज्याचें घराणें मोठें म्हणून नव्हे. ज्याला नटाचें काम मिळालें नाहीं म्हणून त्याची समजूत काढण्यासाठीं तर मुळींच नव्हे. तालमीला सर्वांच्या आधीं कोण येतो, सर्वांच्या नंतर कोण जातो, कोणाच्या हातीं वस्तु दिली तर ती परत मिळते, आणि कोणाच्या "थांब" म्हणण्यावर पोरें खरोखरीच थांबतात, हें पाहा. तो भिल्लाचा असो, गुजराचा असो, शिंप्याचा असो, कीं कोणाची लेक असो. काम बाईलाहि करतां येतें. घरांत दहा माणसांचें वेळापत्रक तीच सांभाळते.

निवडलांत म्हणजे त्याचें नांव लोकांपुढें घ्या. खेळाच्या सुरुवातीस नटांचीं नांवें सांगतां, तेव्हां त्याचें नांव शेवटीं ओझरतें घेऊं नका. आणि नटाला मानधन देत असाल तर त्यालाहि द्या. नांवाचा हा मोह नव्हे. ज्याचें नांव लोकांस माहीत आहे, त्याच्यावर लोकांचा डोळा असतो, आणि देणगीदाराला "नाहीं" म्हणतांना त्याच डोळ्यांचा त्याला आधार होतो. त्या रात्रीं माझें नांव कोणी घेतलेलें असतें, तर मी कदाचित् गप्प बसलों नसतों. कदाचित् म्हणतों, कारण माझें भित्रेपण मी दुसऱ्यावर ढकलूं इच्छित नाहीं.

आतां शेवटचें. आबा, तुमची माडी मी बांधून देतों. लांकूड नवें घेऊं, खांबाला खांब जोडणार नाहीं, आणि तिच्यावर किती माणसें चढावयाचीं तें मी रंगानें पायरीवरच लिहून ठेवीन. पण माझी एक अट आहे. ती माडी मी राजाच्या ताब्यांत देणार नाहीं, देणगीदारांच्याहि नाहीं. आज रात्रीं उठण्यापूर्वीं तुम्ही सर्वांनीं मिळून तुमचा कारभारी निवडा, त्याचें नांव वहीच्या पहिल्या पानावर लिहा, आणि त्याच्या शब्दावर खेळ थांबेल असें एकमेकांस वचन द्या. माडी मी त्याच्या स्वाधीन करीन. तिच्यावर पहिला पाय त्याचा पडूं द्या. राजा मागाहून चढेल.